पॉलिश पेपरवरचा तांबूस डाग

ती घटना आठवली की आजही माझा उजवा हात मला जड वाटतो.

श्रीगोंदा तालुक्यातील एका ठाण्यात मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. दसरा दोन दिवसांवर होता. संध्याकाळी झेंडू विकून घरी निघालेल्या एका वृद्धेला निळ्या मोटारसायकलची धडक बसली आणि चालक पळून गेला. आजींचा पाय मोडला. गुन्हा दाखल झाला. घटनास्थळाच्या पंचनाम्यात निळ्या रंगाची नखाएवढी खपली जप्त केली.

दुसऱ्या दिवशी खबर आली की एका तरुणाने सकाळीच निळ्या गाडीचे ओरखडे बुजवून घेतले आहेत. त्याला गाडीसह ठाण्यात आणले. गाडी नवी होती आणि त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची होती. दसऱ्याच्या पूजेसाठी ती परत न्यायला दाजी त्याच दिवशी आले होते. तेही सोबत आले.

मी दाजींच्या देखतच विचारले, "ओरखडे कशाचे होते?"

"कसले ओरखडे, सायेब? गाडी नुसती धुतली."

टाकीला ताज्या रंगाचा वास येत होता. धडधडीत खोटे ऐकून माझा तोल गेला आणि ठाण्यातल्या सगळ्यांच्या देखत मी त्याच्या कानशिलात लगावली. त्याने एकदा दाजींकडे पाहिले आणि मान खाली घातली. ती मला कबुलीच वाटली. महिन्याभरात तो साखर कारखान्यात कामावर रुजू व्हायचा होता. अटक झाली असती तर ती नोकरी गेली असती. हे ठाऊक असूनही मी ठाणे अंमलदारांना अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

तेवढ्यात त्या गाडीला रंग लावणारा कारागीर बातमी ऐकून न बोलावताच आला. साठीचा ख्रिस्ती गृहस्थ. दसऱ्याआधी त्याला जेवायलाही सवड नसे, तरी दुकान बंद करून आला होता. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा घासायच्या पॉलिश पेपरचा झिजलेला तुकडा टेबलावर ठेवला.

"सायेब, झिजल्याला पेपर मी टाकत न्हाई. शेवटचा हात मारायला त्योच मऊ पडतो. ह्यो त्या गाडीचा. तांबूस दिसतंय त्यो गंज हाय. काल सांजचा ओरखडा असता तर सकाळी आतला पत्रा चकाकला असता. एवढा गंज एका रातीत चढत न्हाई."

मी त्याला जप्त केलेली खपली दाखवली. ती न्याहाळून तो हसला.

"रंगाखाली खड्डा बुजवायची लांबी हाय, बघा. नव्या गाडीला कुठली लांबी? ही खपली ज्या गाडीची, ती आधीच ठोकल्याली. आन् लांबी केवढी जाड! भित लिपलीय का गाडी?"

मग मी तरुणाला वेगळ्या खोलीत नेले, पाणी दिले आणि पुन्हा विचारले.

"पंधरा दिवसांमागं गोठ्याच्या फाटकाला घासली, सायेब. ताईनं दाजींकडं शब्द टाकून गाडी दिल्ती. तिला बोलणी बसली असती."

लगेच जाऊन पाहिले, तर गोठ्याच्या फाटकावर टाकीच्या उंचीला निळी रेघ सापडली. अटकेचे कागद मी थांबवले. बाहेर दाजींचा आवाज चढला होता.

"येड्या, पत्र्यापायी मार खाल्लास व्हय? तुझी ताई मला आता घरात घील का?"

जाड लांबी भरणाऱ्या कारागिरांकडे चौकशी करत आम्ही मिरजगावच्या बाजूला पोहोचलो. तिथे खरी गाडी मिळाली आणि तिच्या चालकाने गुन्हा कबूल केला.

त्या तरुणाला बोलावून त्याची माफी मी सकाळच्या हजेरीत, सर्व कर्मचाऱ्यांसमोर मागितली, कारण हात सर्वांसमोर उचलला होता. कायद्याची कलमे मला पाठ होती. पण बहिणीच्या संसाराची काळजी असलेला भाऊ दाजींपुढे खरे बोलणार नाही, एवढे कळले नव्हते. खोटे बोलणारा प्रत्येक जण गुन्हाच लपवत नसतो. त्यानंतर नात्यातल्या माणसासमोर मी कोणाचाही जबाब घेतला नाही, आणि हातही उचलला नाही.

स्वेच्छानिवृत्तीनंतरही दर दसऱ्याला मी त्या कारागिराकडे सोने द्यायला जातो. त्याने दुकान बंद करून यायचे कष्ट घेतले नसते, तर मी आयुष्यभर स्वतःला निर्दोष समजत राहिलो असतो. यंदा तो तरुणही तिथे भेटला, कारखान्याच्या गणवेशात. मी काही बोलण्याआधीच त्याने माझा उजवा हात हातात घेतला आणि तळव्यावर आपट्याचे पान ठेवले.