सून उपाशी आणलीत?

निजामपुऱ्यातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात गुणाबाई भुलीचं ईथर द्यायची. शिकली होती डॉक्टरीणबाईंच्या हाताखालीच. बाईच्या नाकातोंडावर जाळीची मुखपट्टी ठेवायची, तिच्यावर थेंब थेंब ईथर सोडायचं आणि श्वास मोजत बसायचं. १९७३ सालच्या भिवंडीत या कामाला दुसरं होतं तरी कोण? लोक तिला धीराची बाई म्हणत. साफ खोटं होतं ते. बाटली हातात घ्यायचीच तिला भीती वाटायची.

आदल्या उन्हाळ्यात मैना नावाची अडलेली पोर आली होती. पोटात काही नाही, असं घरच्यांनी शपथेवर सांगितलं. भुलीत तिला उलटी झाली, ती श्वासात उतरली, आणि गुणाबाईच्या हाताखालीच मैना काळीनिळी पडून गेली. माणसं वाईट नव्हती हो. कळा सोसायला ताकद हवी म्हणून सुनेला पोटभर खाऊ घालायचं, आणि कळलं तर दवाखान्यातून परत पाठवतील या भीतीने इथे कानांवर हात ठेवायचे, अशी रीतच पडली होती.

आज टेबलावर अंबाडी गावाकडची तुळजा होती. बाळ आडवं, पोट उघडण्यावाचून इलाज नाही. पोरीने कालपासून पाण्याचा घोटही घेतला नाही, असं तिची सासू बायजाबाई दारातून सांगत होती. तुळजानेही मान डोलावली. गुणाबाईने बाटलीचं बूच काढलं, पण मैना आठवली तशी तिने ते परत लावलं आणि सरळ बाहेर आली. ती मूळची जवळच्याच कोन गावची. या घरांचा मान कुठे दुखतो ते तिला ठाऊक होतं.

"मावशी, एवढ्या भरल्या घरच्या तुम्ही, आणि सून उपाशी आणलीत?"

बायजाबाईचा तोल गेला. "उपाशी? आमच्या घरात कुनी उपाशी न्हाय ऱ्हात. सकाली ताटभर भात खाऊन आलीय ती. तूप मी माज्या हातानं वाढलंय."

गुणाबाई धावतच आत गेली. पोरीच्या पोटात भात आहे, मी ईथर देणार नाही, असं तिने डॉक्टरीणबाईंना जन्मात पहिल्यांदा तोंडावर सांगितलं. त्यांनी सुया टोचून पोटाची तेवढीच जागा बधिर करायला घेतली. तुळजा जागीच राहणार होती. गुणाबाई तिचं डोकं धरून बसली. आतली ओढाताण पोरीला कळत होती. तिची नखं गुणाबाईच्या मनगटात रुतली. बाळ रडलं आणि तेवढ्यात तुळजाला भडभडून उलटी झाली. जागी होती म्हणून तिने मान वळवली, खोकली, आणि मोठा श्वास घेतला.

भांड्यात नुसता भात होता.

सगळं आवरल्यावर बायजाबाई नातू बघायला आली, तर गुणाबाईने तिचे पाय धरले. म्हातारी गोंधळली. पोर तुमीच वाचवली, मग माजे पाय कशाला धरता, असं विचारायला लागली.

"तुम्ही खरं बोललात, मावशी," गुणाबाई रडत म्हणाली. "तुम्ही खरं बोललात."