इंजिनाची जंगलाकडची बाजू

पोंभुर्ण्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, शाळेची ओळखपत्रं, सगळं करते. गिऱ्हाईक मान वाकडी करून बसलं तर रागावतेसुद्धा. फोटो आपला चांगला निघावा म्हणूनच रागावते ना! इतक्या वर्षांत माझं अजिबात न ऐकणारं एकच गिऱ्हाईक भेटलं, ते म्हणजे माझे बाबा.

बाबा रेल्वेच्या छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, फायरमन होते. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून भट्टीत कोळसा टाकायचा, हे त्यांचं काम. पुढे छोटी लाइन उखडली, मोठी आली आणि ती इंजिनं भंगारात गेली. मग परवा कळलं, त्यातलंच एक इंजिन रंगवून एका स्टेशनासमोर रुळाच्या तुकड्यावर आणून ठेवलंय. झालं! आईने टुमणंच लावलं. तिचे गुडघे गेलेत, गाडीवर बसवत नाही. मला म्हणाली, "मी काई येत नाई. पण यायले, तुया बाबाले, त्या इंजिनावर उभं कर अन् फोटो काढून आण. फाटकावरून मले जसे दिसत होते, तसेच दिसले पाह्यजे."

या फाटकाची गोष्ट आम्ही भातासोबत खाऊनच मोठे झालो. लग्नानंतर आई-बाबा लाइनीला लागून असलेल्या एका खेड्यात राहायचे. गाडीचा आवाज आला की आई हातातलं काम टाकून रेल्वेच्या फाटकावर जायची आणि हात हलवायची. इंजिनाच्या खिडकीतून कोळशाने काळा झालेला माणूसही हात हलवायचा. संध्याकाळी बाबा घरी आले की ही विचारायची, "पाह्यलं न मले?" आणि बाबा म्हणायचे, "पाह्यलं न. हिरवं लुगडं होतं." मग आईची कळी अशी खुलायची की विचारू नका.

तर मी बाबांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेले. बाबांनी पांढरा शर्ट आणि लाल रुमाल काढून ठेवला होता. इंजिन दिसताच त्यांनी आधी त्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि लगेच कुरकुर सुरू केली. "काय रंग फासला, बाप्पा! नवरदेवाचा घोडा केला याचा." तरी रुमालाने पायऱ्यांवरची धूळ पुसत होते. मला त्यांचं फार हसू आलं आणि डोळेही भरून आले.

मी जागा बघून ठेवली होती. एका बाजूला मोकळं मैदान, चार वाजताचं मऊ ऊन, मागे स्वच्छ आभाळ. दुसऱ्या बाजूला स्टेशनच्या आवाराची भिंत, इंजिनापासून फार तर दोन हातांवर. म्हटलं, "बाबा, वर चढा, या खिडकीत कोपर टेका आणि माझ्याकडे बघा." बाबा चढले, आणि भिंतीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"बाबा, इकडे!"

"इकडे ड्रायव्हर बसते, माय. मी का ड्रायव्हर होतो का?"

"अहो, फोटोत कोणाला कळणार आहे? तिकडे भिंत आहे, उजेड नाही, मला उभं राहायला जागा नाही!"

"नाई म्हणलं न."

माझा पारा चढला. इतक्या लांब आणलं, उन्हं उतरायला लागली होती आणि म्हाताऱ्याचा आपला हट्ट. मी सरळ म्हटलं, "आईने फाटकावरून दिसायचे तसाच फोटो मागितलाय. फाटकाकडची बाजू हीच होती ना?"

बाबा दोन पायऱ्या उतरले. मग पायरीवर बसले आणि रुमाल गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "फाटकावरून मी दिसतच नव्हतो."

शेवटच्या स्टेशनावर इंजिन फिरवायची सोय नव्हती. जाताना इंजिन तोंड पुढे करून जायचं, येताना तसंच उलट्या पावली यायचं. त्यामुळे जाताना काय नि येताना काय, ड्रायव्हरची बाजू गावाकडे आणि फायरमनची जंगलाकडे. त्यातून फाटक आलं की लगेच चढ लागायचा. बाबा भट्टीसमोर वाकून कोळसा टाकत असायचे, मान वर करायलाही सवड नसायची. हात हलवायचा तो ड्रायव्हर.

"मग लुगड्याचा रंग कसा सांगायचे तुम्ही?"

"थो भाऊ वरडून सांगे. म्हणे, घरचे उभे हायत, हिरवं लुगडं हाय." बाबा खाली बघत होते. "पह्यल्या दिवशी थे इतकी खूश होती, मले नाई म्हणवलं नाई. मंग रोजचंच झालं. आता म्हातारा झालो. एकदा तरी तिनं मले माया जागेवर पाह्यलं पाह्यजे. रागावली तर रागावली."

बाबांना आईच्या रागाची भीती वाटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी गुपचूप कॅमेरा गळ्यात टाकला आणि भिंतीवर चढले. या वयात, सलवारीला चुना लावून! रिक्षावाले हसत होते, हसोत बापडे. बाबा आपल्या जागी उभे राहिले. हातात फावडं नव्हतं, तरी पाय बरोबर फाकवून उभे होते. अर्धा चेहरा सावलीत गेला. गिऱ्हाइकाला असा फोटो मी कधी दिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा प्रिंट काढून आईच्या हातात दिला. आईने चष्मा लावला. बाबा अंगणात उगाचच कोंबड्या हाकलत होते. दाराकडे त्यांची पाठ होती, पण कान सगळे इकडेच.

आईने फोटो बराच वेळ पाहिला. "हे त जंगलाकडची बाजू हाय," ती म्हणाली.

बाबा वळले. "अवं, मी तिकडेच राहत होतो. थो हात करणारा..."

"ड्रायव्हर होता. मले का माहीत नाई? तुमी लपवलं, म्हणून मीबी बोलली नाई. त्या भाऊले ह्या एवढ्या मिशा होत्या. तुमाले कधी होत्या का मिशा?"

बाबा कोंबड्या सोडून दारात आले. मी तर स्टुलावर बसलेच. "अगं आई, मग इतकी वर्षं परक्या माणसाला हात कशाला करायचीस?"

"थो यायले सांगन म्हणून," आईने बाबांकडे बोट दाखवलं आणि फोटो पदराने पुसला. "दोनच लुगडे होते मायाजवळ, एक हिरवं न एक जांभळं. दुपारी पुन्हा धुणं पडे, सासू बोले, तरी गाडीच्या आधी लुगडं बदलून जात होती. रोज एकच रंग असता, त त्या भाऊनं यायले नवीन काय सांगतलं असतं?"