भूगोलबाईंच्या जागेवर मावशी

माझी मावशी लाँड्रीत इस्त्री करायची, पण कुणी विचारलं तर म्हणायची, "सध्या." दिवसा इस्त्री आणि संध्याकाळी अभ्यास असं करत ती बी.ए. झाली, मग बी.एड.सुद्धा, तरी हे "सध्या" काही संपेना. लाँड्रीवाले काका नाकातून बोलतात. "मॅडम, जगाचा नकाशा नंतर, आधी या कॉलरचा बघाऽ!" मावशी हसायची आणि कॉलर बघायची.

शिक्षिका होण्याचं हे वेड भूगोलबाईंनी लावलेलं. त्यांनी आधी मावशीला शिकवलं आणि पुढे आम्हालाही. वर्गात आल्या की पुस्तक उघडायच्याच नाहीत. "डोळे मिटा. निघालो आपण. पायाखाली काय लागतंय?" कुणी वाळू म्हणायचं, कुणी चिखल, आणि मागच्या बाकावरून हमखास, "बाई, चप्पल!" बाई त्यालाही विचारायच्या, "ओली की कोरडी?"

मावशी तिच्या वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. एकदा तिने फळ्यावर नदी उलटी काढली, समुद्राकडून डोंगराकडे. वर्ग खो-खो हसला. बाई म्हणाल्या, "थांबा रे. तिला उगम शोधायचाय." तेव्हापासून मावशीला शिकवायचा होता तो भूगोलच, आणि तेही याच शाळेत.

यंदा बाईंचा आवाज गेला. त्याआधी बरेच दिवस बोलता बोलता मध्येच एक बारीक खोकला यायचा, "हं-हं" असा. तो त्यांच्या बोलण्याचाच भाग आहे असं आम्ही धरून चाललो होतो. घशाचं ऑपरेशन झालं, बाईंनी नोकरी सोडली, आणि त्यांच्या जागेसाठी मावशीला नमुना पाठ द्यायला बोलावलं. नेमकं आमच्याच वर्गावर.

आमच्या घरात नकला रक्तातच आहेत. पेपरवाला जिन्यात असतानाच आजोबा त्याच्या आवाजात ओरडून मोकळे होतात. त्यामुळे मावशी आरशापुढे बाईंचं चालणं, थांबणं, भुवया उडवणं घोटायला लागली, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. फक्त आई म्हणाली, "अगं, तुझं स्वतःचं काही कर की."

"ताई, मुलांना बाई हव्यात," मावशी म्हणाली. "मी कुणाला हवीये?"

पाठाच्या दिवशी तिने फळ्यावर बाईंच्या पद्धतीचा डोंगर काढला, बाईंसारखेच हात झटकले. "डोळे मिटा. निघालो आपण." हुबेहूब! सगळ्यांनी डोळे मिटले, मावशीनेही. क्षणभर वाटलं, बाई परत आल्या. मग चढणीवर, ऐन वाक्याच्या मध्ये, मावशीने तो खोकला काढला. "हं-हं."

वर्गाला हसू आवरेना. बाकं वाजली. मी डोळे उघडले तर मागे मुख्याध्यापिकांच्या शेजारी, गळ्याला रुमाल गुंडाळून, भूगोलबाई बसलेल्या. आमचे डोळे मिटलेले असताना मागच्या दाराने आल्या असाव्यात. त्यांचा हात गळ्याकडे गेला होता.

एकेक जण मागे बघून गप्प होत गेला. मावशीने डोळे उघडले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, मी... ते..."

बाई उठल्या, बाकांमधून पुढे आल्या. डस्टर घेऊन त्यांनी तो डोंगर पुसला, सगळाच्या सगळा. मग मावशीच्या पाठीवर हात ठेवला, लहान मुलीला फळ्याकडे ढकलतात तसा, आणि पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या.

मावशी नुसती उभी. तिचा तळहात टेबलावरच्या कापडावरून फिरत होता, सवयीने, सुरकुत्या काढत. एकाएकी तिने ते कापड दोन्ही हातांनी चुरगळलं.

"या सुरकुत्यांशी मी दिवसभर भांडते," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, जाडसर, खालचा. "आज राहू देत. समजा हे डोंगर आहेत. पाणी कुठून जाईल?"

"मोठ्याने, मावशीऽ!" मागच्या बाकावरून आलंच.

"मोठ्याने नाही येत मला. तुम्ही पुढे या."

आम्ही टेबलाला गराडा घातला. एकीने विचारलं, "पाणी दोन्हीकडे गेलं तर?"

"मला नाही माहीत," मावशी म्हणाली. "ओतून बघू."

बाटली उपडी झाली. मुख्याध्यापिकांनी पर्स छातीशी धरली. बाई मात्र बाकावरून पुढे वाकून, पाणी कुठल्या घडीत शिरतंय ते बघत होत्या.

मावशीला जागा मिळाली, पण वर्षभरापुरती. लाँड्रीवाले काका नाकातून म्हणाले, "म्हणजे सध्या?" मावशी म्हणाली, "सध्या." या खेपेला ती हसली नाही.

परवा मधल्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी मैत्रिणींपुढे उभी होती. तळहाताने हवेतलं कापड सपाट करत, घसा जाड करून म्हणत होती, "मोठ्याने नाही येत मला. पुढे या." इतकी वर्षं एका घरात राहून मावशीचा तो हात मी नकलेसाठी कधी टिपला नव्हता.

मावशी वर्गाच्या दाराशी आली होती. तिने ते ऐकलं, आणि मुलीचं पूर्ण होईपर्यंत दाराआडच थांबली.