कमरेचा एमआरआय

माझी आई योनीमार्गाच्या कॅन्सरनं गेली.

दहाव्याच्या बॅनरवर मी 'अल्पशा आजाराने' छापून घेतलं होतं. आज वर्ष झालं. आज खरं लिहितो.

आम्ही बेंबळीचे. आईचं सगळं आयुष्य शेतात गेलं, माझी मोबाईल शॉपी. बँक असो, तलाठी असो, आईच्या वतीनं बोलणार मीच. डॉक्टरपुढंही तसंच.

कंबर दुखतेय तिची, मीच सांगितलं.

डॉक्टरांनी आईला विचारलं, अजून काही त्रास? तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान हलवून नाही म्हणाली.

कमरेचा एमआरआय झाला. मणक्याची थोडी झीज, बाकी नॉर्मल. मी शहाणा, पाहुण्यांना फोन करकरून रिपोर्ट वाचून दाखवला.

कमरेला पट्टा मिळाला. पाच महिने रोज सकाळी तो मीच आवळून बांधायचो. तिनं कधी हूं की चूं केलं नाही.

मग दुखणं थांबेना म्हणून सोलापूरला एका लेडी डॉक्टरकडं गेलो. फाईल उघडायच्या आधीच त्या मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा."

मला रागच आला. सगळी माहिती माझ्याकडं आहे, मलाच विचारा, म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं.

दहा मिनिटांत आईनं त्यांना सगळं सांगितलं. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली, तरी अंगावरून रक्त जात होतं. पट्टा बांधायच्याही आधीपासून.

तपासताना गाठ हाताला लागली. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. किती पसरलाय ते बघायला परत एमआरआय, या वेळी ओटीपोटाचा. गाठ मूत्राशयापर्यंत पोचली होती.

मी भांडायच्याच तयारीत विचारलं, मग पहिल्या एमआरआयमध्ये कसं दिसलं नाही?

"तो मणक्यासाठी काढला होता," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही कंबर सांगितली होती ना?"



रेडिएशन चालू असताना एका दुपारी धीर करून विचारलं, "आई, पहिल्याच डॉक्टरला का न्हाय सांगितलंस?"

 माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली,

"तू व्हतास की रं तिथं."

त्या दुपारी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो.

मित्रांनो, आईला, बहिणीला दवाखान्यात जरूर न्या. पण डॉक्टरपुढं तिला एकटीला बोलू द्या.

आई, लई चुकलं गं माझं.

पायावर डोकं ठेवतो.