चेलोचं गाणं माझ्या बासवर

मिरज स्टेशनात निजामुद्दीनची गाडी लागली तेव्हा करुणाचा चेलो तिच्याबरोबर डब्यात चढला आणि खालच्या बर्थवर तिच्या उशाशी आडवा झाला. माझा डबल बास हमालानं गोधडीत गुंडाळून सामानाच्या डब्याकडे नेला. माझ्याहून वीतभर उंच ते धूड दारातून वळेना. हमाल म्हणाला, "ताई, एवढा मोठा तंबोरा कुठं चालवलाय?" मिरजेत तारा लावलेलं काहीही दिसलं की तो तंबोराच. सगळे हसले. माझी आई मात्र खिडकीतून करुणाचा हात धरून उभी होती. "करुणा, हिला सांभाळ गं." वास्तविक मी करुणापेक्षा मोठी. दिल्ली येईपर्यंत मला दोनच काळज्या होत्या. बासला कुठं धक्का लागेल का, आणि आईनं माझा हात का धरला नाही.

करुणा माझी मावसबहीण. आमच्या चर्चच्या वसतिगृहात परदेशी नर्सबाईंनी मागे ठेवलेली दोन वाद्यं होती. चेलो खुर्चीत बसून गुडघ्यांत धरायचा. डबल बास त्याचा थोरला भाऊ, त्याला उभं राहून मिठीच मारायची. शिकवणाऱ्या समुवेल सरांनी आम्हा दोघींना शेजारी उभं केलं, नजरेनं मापलं आणि मला म्हणाले, "तू उंच आहेस, तुला हे झेपेल." झालं, एवढ्यावर ठरलं. करुणाच्या वाट्याला गाणं आलं, माझ्या वाट्याला गाण्याखालची जमीन. पुढं नववीतल्या गणितानं मला शाळेबाहेर काढलं आणि करुणा बी.ए. झाली, तेही ओघानंच आलं.

तुम्हा मिरजकरांना वाटत असेल, दिल्लीत आमचं मस्त चाललंय. चाललंय, नाही म्हणत नाही. मुनिरकात वरच्या मजल्यावर आमची खोली आहे. जिन्याच्या वळणावर बास अडकतो, तेव्हा यूपीएससीचा अभ्यास करणारी नांदेड-लातूरकडची पोरं पुस्तकं ठेवून हात लावतात. "ताई, हा लाल किल्ला रोज कशाला हलवता?" ऑटोवाले लांबूनच मान हलवतात. "मैडम, इसका तो अलग टिकट लगेगा." आम्ही नोएडा-गुडगावच्या मुलांना शिकवतो, हॉटेलांतल्या लग्नांत वाजवतो. तिथं करुणा फुलांजवळ बसते, मी खांबाआड उभी असते. शाळेला नको झालेल्या मुलीला या शहरानं कामाला लावलं, हे उपकार मी विसरत नाही. मेल, अर्ज, भाडेकरार सगळं इंग्रजी करुणाच बघते. मला नोट्स वाचता येतात, नोटीस वाचता येत नाही. पण ज्याचे उपकार रोज घ्यावे लागतात त्याच्याकडे मोकळ्या मनानं बघता येत नाही, हेही तितकंच खरं.

आम्ही तालीम करतो त्या हॉलमधलं जुनं कपाट मी एकदा आवरत होते. तळाशी छापील पानांचा गठ्ठा निघाला. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात चेलोसाठी रचलेले सोनाटे, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना, कुणीतरी पुढं डबल बासवर बसवून लिहिले होते. हे कुणी वाजवल्याचं तिथल्या जुन्या माणसांनाही आठवत नव्हतं. गठ्ठा घेऊन बाहेर आले आणि जिन्यातच बसले. म्हणजे माझ्या आधीही कुणीतरी चेलोवर जळलं होतं. इतकं, की त्याचं गाणं उचलून आपल्या वाद्यावर नेलं होतं. मला त्या माणसाचं नाव नीट वाचताही आलं नाही, पण नातं लगेच कळलं.

सबंध हिवाळा मी त्यातला एक सोनाटा घासला. एरवी आम्हा बासवाल्यांचा हात वरच्या टोकाशी, खालच्या सुरात असतो. इथं तारेच्या पार खाली, गजापाशी उतरून अंगठा दाबायचा, तेव्हा कुठं ते वाद्य गायला लागतं. अंगठ्याला घट्टा पडला. करुणा खोलीत असली की मी थांबायचे. तिच्यासमोर ते गाणं चोरीचं वाटायचं.

त्या हॉलमधल्या रविवारच्या छोट्या मैफली ठरवणाऱ्या खन्ना मॅडमना मी तो वाजवू का विचारलं, तर आधी हो म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, "सुवार्ता, चेलो का पीस है तो चेलो पे ही सुन लेते हैं ना? करुणा है तो."

करुणा है तो. हे मी मराठीत लहानपणापासून ऐकत आलेय, हिंदीत पहिल्यांदा ऐकलं.

करुणा म्हणाली, "रिहर्सल तक देखते हैं, मैम." ती माझ्या बाजूनं बोलली की स्वतःसाठी दार उघडं ठेवलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिला विचारलंही नाही.

तालमीला कीबोर्डवर आमच्याबरोबर लग्नांत वाजवणारा विवेक होता, खालच्या साथीला करुणाचा चेलो. पहिल्याच मात्रेला अशी टक्कर झाली की विवेकनं हात उचलले. "दीदी, ये तो एक गली में दो बारात आ गई." पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. खन्ना मॅडम करुणाच्या चेलोकडे बघायला लागल्या.

झालं असं होतं, की मी एवढे दिवस फक्त माझं पान वाजवत होते. साथीचं पान उघडलंच नव्हतं. आम्हाला चर्चमध्ये सा कुठंही धरून गायची सवय. करुणानं पानाच्या तळाची बारीक इंग्रजी ओळ वाचली आणि म्हणाली, "ताई, पट्टी वेगळीय. एकल वाजवायला बासवर दुसऱ्या तारा लावतात, त्या एक सूर वर बोलतात. साथ त्या हिशोबानं लिहिलीय." मला हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण माझ्यावर एकटीनं वाजवायची वेळच आली नव्हती. तसल्या तारा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हत्या.

विवेक म्हणाला, "तो दीदी, आप ही ऊपर शिफ्ट कर लो."

मी लगेच हो म्हणून मान हलवली. हलवल्यावर लक्षात आलं, की मग सगळी बोटं नव्यानं बसवावी लागणार, मैफलीपर्यंत ते होणार नाही, आणि करुणा आहेच. तेव्हा मला दादा आठवले. माझे वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. कुणी म्हातारी काळी एकमध्ये गायला लागली की ते काळी एकला, कुणी पोरगी पांढरी पाचला गेली की ते पांढरी पाचला. म्हणायचे, "पेटी सरकते, गळा सरकत नाही." इथं गळा माझा होता. हे ध्यानात यायला मला एवढी वर्षं लागली.

"नहीं," मी म्हटलं. "आप लोग नीचे आइए."

विवेकनं कीबोर्डचं बटण दाबलं, त्याचं काम संपलं. चेलोला बटण नसतं.

"मी पण?" करुणा म्हणाली. "म्हणजे सगळं डोक्यात सरकवत वाजवायचं?"

"तुला झेपेल."

तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग पेन्सिल काढली. पट्टी जुळली तेव्हा खन्ना मॅडमनी तिच्या चेलोवरची नजर काढली.

मैफलीत मी पुढं उभी होते आणि ती माझ्या कोपरामागे. दुसऱ्या भागात ती एकदा जुन्या पट्टीत घसरली आणि लगेच परत आली. मला बरं वाटलं. नको तेवढं बरं वाटलं. बासचा आवाज त्या हॉलमध्ये खोकल्यासारखा येईल अशी भीती होती, पण तो आला एखाद्या मोठ्या माणसानं हळू बोलावं तसा. संपल्यावर केंद्र सरकारात नोकरी करणाऱ्या एक मराठी बाई आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "छानच. आणि साथ काय सुंदर केली हो त्या मुलीनं." आईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला. म्हणाली, "करुणा वाळलीय का गं?"

या शहरात माझ्याहून चांगलं वाजवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या गाड्या बघते, परदेशी बनावटीची वाद्यं बघते, मला काही होत नाही. हेवा वाटायला माणूस आपल्या घरातलं लागतं, ज्याच्या ताटात काय पडतंय ते आपण लहानपणापासून तिरक्या नजरेनं पाहिलेलं असतं. मिरजेला एकटी आले की आता तुम्ही मला पाट देऊन वाढता, दिल्लीवाली म्हणता. तिथं मला कुणाशी मापत नाही कुणी. काही दिवसांतच मला करमेनासं होतं आणि मी परतीचं तिकीट बघायला लागते.

मुनिरकात दार उघडलं की करुणानं आमटीत गूळ जास्त घातलेला असतो. गठ्ठ्यातला दुसरा सोनाटा स्टँडवर लावून ती सहज म्हणते, "ताई, हा चेलोवरच जास्त चांगला वाटेल." चप्पलसुद्धा न काढता मी बास भिंतीपासून ओढते.