आतल्या पाकिटावरचं नाव

आमच्या ऑफिसचं टपाल बघणारे शिंदेकाका एक बंद पाकीट मोठ्या लिफाफ्यात घालत होते. लिफाफ्यावर त्यांनी आतल्या पाठवणाऱ्याचंही नाव लिहिलं. मी विचारलं, "ते कशाला, काका?"

"वाटेत अडलं तर ज्यानं लिहिलं त्याला कळायला नको, साहेब?"

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

डेटा सेंटरमधल्या नेटवर्कसाठी एक तांत्रिक मानक लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. तिथेही माहितीचं एक पाकीट दुसऱ्यात घालून पाठवतात. मागे नागपूरच्या एका इंजिनिअर बाईंनी मसुदा वाचून मेल केली होती. वरच्या वेष्टनानं पाकीट फुगतं, वाटेतलं यंत्र ते मोठं झालं म्हणून टाकून देतं आणि मूळ पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी मानक ठरवणाऱ्या सगळ्या समितीला जाईल अशा उत्तरात त्यांना फटकारलं. पुढे माझ्याच चाचणीत नेमकं तेच घडलं. मग मी त्यांचं वाक्य गुपचूप मसुद्यात घातलं. चूक दाखवणाऱ्याचं नाव शेवटी आभारांत द्यायची आमच्यात रीत आहे. ते मात्र दिलं नाही. बाहेर माझं नाव, आत त्यांचं वाक्य.

काल त्यांची मेल आली. "सर, या वेळी मसुदा नीट वाचला. आता शंका नाही. आभारी आहे."

आज आभारांची यादी उघडली, तर त्यांचं आडनावही आठवेना. कालच्या मेलखाली नुसतं पहिलं नाव होतं, म्हणून जुनी मेल शोधली. तिच्याखाली माझं उत्तर होतं, "बाई, आधी मसुदा नीट वाचत जा."