शेंडा राखलेले ऐन

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी गणेशपुरीजवळच्या मामाच्या गावचं रान निवडलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजने नोंदीसाठी दिलेल्या तक्त्यात छापलंय ते बरोबरच असणार, असं मला वाटायचं. तक्त्यात रकाने दोनच: चांगलं झाड आणि तोडलेलं झाड.

मामा हिवाळ्यात ऐनाच्या फांद्या उतरवतो. भाताचं रोप टाकायच्या जागेवर त्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. मी त्याची सगळी झाडं 'तोडलेली'त टाकली. राबासाठीची तोड बंद करायची का, हे गावची वन समिती त्याच आठवड्यात ठरवणार होती, माझी यादी ऐकून.

मामाने कागद वाचला. "सगळी तोडलेली? मेली का ती? चल, दाव मला एक मेलेलं."

रानात त्याने एका ऐनाकडे बोट केलं. बाजूच्या फांद्या नव्हत्या, वर शेंडा मात्र हिरवागार. "शेंड्याला कोयता लावायचा न्हाय. आन् एकदा तोडलं का तीन वर्सं त्या झाडाला हात न्हाय."

तेवढ्यात जुन्या तोडीच्या गाठीतल्या ढोलीतून पोपटाने डोकं बाहेर काढलं. शेजारच्या सरळ, कधी न तोडलेल्या झाडांत मला एकही ढोली दिसेना. "तोडीमुळेच ढोली होते का?" मी विचारलं.

"मला काय इचारतेस? कॉलेजात तू जातेस!"

उत्तर मला अजूनही नक्की माहीत नाही. पण मी तक्त्यात हाताने दोन रकाने वाढवले, शेंडा आणि ढोली, आणि पहिल्यापासून मोजायला लागले. ओढ्याकडेला मामाचेच पाच ऐन बिनशेंड्याचे निघाले. वाळत चाललेले.

"तीन सालांमागं गुडघा धरला व्हता," मामा खाली बघत म्हणाला. "मजूर लावले. मी बघाया गेलो न्हाय." मग हळूच, "ह्ये पन लिवनार?"

शेंड्याच्या रकान्यात मी त्या पाचांपुढे 'नाही' लिहिलं.

समितीपुढे मी सगळी यादी वाचली, मामाची ती पाच झाडंही. ठरलं असं: शेंडा असलेल्या झाडांवर राब चालेल, बिनशेंड्याच्यांना कुणी हात लावायचा नाही. मामाचा राब पाच झाडांनी कमी झाला.

परतताना मामा बांधावर थांबला. "फांद्या कमी, तर शेण जास्त टाकू यंदा राबात," म्हणाला. "पन शेण गोळा करनार तुझी मामी. तिला तूच सांग."